चंद्रावरची लढाई: सहापटीच्या नियमाने आमच्या टेबलाची पार वाट लावली

फासा_पडला · शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे. चिडवायचं असेल तर आधी पूर्ण वाचा, मग चिडवा.

इंदूरला टिळकनगरात आमच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही चार-पाच जण दर शनिवारी जमतो. सहा बाय चार फुटांचं प्लायवूड, एकास बहात्तर मापाचे प्लॅस्टिकचे शिपाई, फासे, टेप आणि तळलेले गराडू. आतापर्यंत बहुतेक महिदपूरची होळकर-इंग्रज लढाईच खेळलोय. मी दर वेळी होळकरांकडून असतो आणि दर वेळी शिप्रेच्या काठावर तोफा घालवून बसतो. १८१७ पासून आमचं नशीब काही पालटलेलं नाही.

या सुट्टीत पुतण्या आला आहे. आठवीत आहे आणि महिदपुरात त्याला काडीचा रस नाही. म्हणाला, "काका, चंद्रावर करू."

म्हटलं करू. नियम आमचे घरचेच: १ सेंटीमीटर म्हणजे १० मीटर, एक टर्न म्हणजे अर्धा मिनिट. चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, म्हणून मी डोळे मिटून सगळ्याला सहाने गुणलं. पायदळाची चाल ६ सेंटीमीटरची ३६ झाली. ग्रेनेड ३ चा १८ वर गेला. रायफलचा पल्ला टेबल ओलांडून जिन्यापर्यंत. आणि उडी मारून काहीही पार करता येईल, अशी वर सूट.

दुसऱ्या टर्नला दोन्ही फौजा एकमेकींच्या आरपार निघून गेल्या. तिसऱ्याला माझे शिपाई त्याच्या कडेला आणि त्याचे माझ्या कडेला, पाठीला पाठ. वीस मिनिटांत खेळ खलास. पुतण्या म्हणाला, "काका, हे बेडूक आहेत."

तर कशाला सहाने गुणायचं आणि कशाला नाही?

---

भिया_इंदोरी · रात्री १०:२०

भिया, सहापट उडी मारणाऱ्याला पोहे पण सहापट लागतील. रसदीचा नियम लिहिलास का?

---

चुलीवरचं_भौतिक · रात्री ११:०५

फासा, चूक एकच आहे, पण ती सगळीकडे सांडली आहे. वजन कमी होतं, वस्तुमान होत नाही. शिपाई तोच, त्याला आडवा ढकलायला, वळवायला, थांबवायला जोरही तेवढाच लागतो. तो जोर येतो कुठून? पायाखालच्या घर्षणातून. आणि घर्षण वजनावर ठरतं. थोडक्यात, पकड सहावा हिस्सा उरली आणि रेटा पूर्ण राहिला.

चालणं तर चंद्रावर उलट मंदावतं. चालताना आपण दर पावलाला थोडे पुढे पडतो आणि दुसऱ्या पायाने स्वतःला सावरतो. तिथे पडायलाच वेळ लागतो. पृथ्वीवर माणूस ताशी साधारण साडेसात किलोमीटरच्या वेगाला चालणं सोडून पळायला लागतो. तोच हिशेब चंद्रावर मांडला तर ताशी तीन येतो. अपोलोचे लोक टप्पे टाकत, ससा आणि लंगडी यांच्या मधलं काहीतरी करत फिरले, ते हौसेने नव्हे.

उडीचं म्हणशील तर एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ चा जॉन यंग झेंड्याला सॅल्यूट करत उडाला. ते चित्रण बघ. हवेत जवळपास दीड सेकंद, उंची जेमतेम दीड फूट. अंगावर फुगलेला, ताठर सूट, पाठीवर पेटी. त्याच मोहिमेत चार्ली ड्यूक जरा जास्त उंच जायला गेला आणि पाठीवर, प्राणवायूच्या त्याच पेटीवर आपटला. पेटी फुटली नाही म्हणून निभावलं.

फेकण्या-मारण्याचंही तसंच. फेब्रुवारी १९७१ मध्ये अ‍ॅलन शेपर्डने चंद्रावर गोल्फचे चेंडू मारले आणि मैलोन्‌मैल गेले म्हणून सांगितलं. पुढे फोटोंवरून मोजलं तर लांबचा चेंडू ४० यार्डांवर निघाला. सूटमध्ये दोन्ही हात एकत्र येत नव्हते, एका हाताने मारला होता. हात बांधलेले असले की सहापट कागदावरच राहते.

माझं मत: चाल वाढवू नकोस. वळण्याची आणि थांबण्याची किंमत लाव.

---

फासा_पडला · रात्री ११:३१

मॅडम, पटलं. पण पायदळालाही थांबण्याची किंमत? अर्ध्या मिनिटाच्या टर्नमध्ये माणूस थांबणारच ना?

---

चुलीवरचं_भौतिक · रात्री ११:४८

थांबेल. दोन-तीन मीटर घसरेल, तुझ्या टेबलावर ते जेमतेम पाव सेंटीमीटर. पायदळाला ४ सेंटीमीटर चाल दे आणि सोड.

गाडीचं मात्र बघ. ताशी ३६ किलोमीटरने चाललेली गाडी, चाकांची पकड मध्यम. ब्रेक दाबला तर पृथ्वीवर १० मीटरमध्ये उभी, चंद्रावर ६२. न घसरता घेता येणारं वळण पृथ्वीवर २० मीटर त्रिज्येचं, चंद्रावर १२३. तुझ्या मापात ६ सेंटीमीटर ब्रेक आणि १२ सेंटीमीटर त्रिज्येचं वळण. म्हणजे चोवीस सेंटीमीटर रुंद ताट. ताट ठेव आणि त्याच्या कडेने गाडी फिरव, त्याहून आखूड वळली तर उलटली.

अपोलोची बग्गी याच्या निम्म्या वेगानेच धावत होती, हे लक्षात असू दे. लोक उगाच सावकाश जात नव्हते.

---

महूचे_काका · रविवार, सकाळी ६:५५

सगळं वाचलं. भौतिक मॅडम सांगतात ते शास्त्र, मी शिपाईगिरीचं सांगतो.

नोकरीत असताना महूला काही वर्षं सँड मॉडेल लावण्याचं काम माझ्याकडे होतं. खोलीभर वाळू, रंगीत भुसा, लोकरीचे रस्ते, आरशाचं तळं. अधिकारी मंडळी काठी घेऊन लढाई लढायची आणि आम्ही रात्रभर डोंगर हलवायचो. तिथे एक गोष्ट डोक्यात बसली. नकाशावरची लढाई अंतराने बिघडत नाही, वेळेने बिघडते.

तुमच्या उडीकडे वेळेच्या बाजूने बघा. उडालेला शिपाई हवेत आहे तोवर दिशा बदलू शकत नाही. कुठे उतरणार ते समोरच्याला दिसतंय. आमच्या भाषेत तो उडता तितर. सूट न घालता, घुमटाच्या आत लढत असाल तर तगडा गडी आठ फूट उडेल, पण साडेतीन सेकंद लटकेल. साडेतीन सेकंदांत रंगरूटसुद्धा नेम धरतो.

दुसरं, आडवं होणं. गोळी आली की लेटायचं, हा शिपायाचा पहिला धडा. इथे अंग जमिनीवर पडायला अर्धा सेकंद लागतो. तिथे मीटरभर खाली यायला सेकंदाहून थोडा जास्त. मग फुगलेल्या सूटमध्ये परत उठायचं. तुमच्या नियमात पायदळ फुकटात आडवं होत असेल तर ते बंद करा. आधी गोळीचा फासा, मग लेटण्याचा.

---

पुण्याचा_पाहुणा · सकाळी ९:४०

सगळे मूळ मुद्दा विसरताय. बंदूक झाडली की शिपाई मागे फेकला जाणार. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेत शिकवतात. त्यामुळे रायफली बादच. आणि हवा नसल्याने बार पेटेलच कसा, हेही बघा.

---

चुलीवरचं_भौतिक · सकाळी १०:२५

बार पेटतो. दारूला लागणारा ऑक्सिजन काडतुसातल्या दारूतच असतो, बाहेरची हवा लागत नाही. जानेवारी १९७५ मध्ये सोव्हिएत संघाने सॅल्यूत-३ या स्थानकावरून तोफ प्रत्यक्ष झाडून पाहिली आहे. अडचण नंतरची आहे: नळी थंड करायला हवा नाही, सलग झाडलं की ती तापलेलीच राहते. टेबलावर याचा नियम सोपा, लागोपाठ दोन टर्न बर्स्ट (गोळ्यांची सलग फैर) मारला तर तिसरा टर्न गप्प.

आता धक्का. ४ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ९०० मीटर. सूटसकट माणूस १६० किलो धरला तर एका गोळीने त्याला सेकंदाला २ सेंटीमीटर वेग मिळतो. यात कोण फेकला जातो?

सेकंदाला दहा गोळ्यांचा बर्स्ट घेतला तर मागे रेटणारं सरासरी बल ३६ न्यूटन. बुटांची पकड १३० च्या आसपास. म्हणजे सरकतही नाही. पण थांबा, इथे एक गंमत आहे. रेटा खांद्याच्या उंचीवर बसतो आणि माणसाला उभं ठेवणारं वजन सहावा हिस्सा झालंय. हिशेब केला तर ताठ उभ्याने लांब बर्स्ट मारणारा मागे कलंडतो. पृथ्वीवर त्याला हे जाणवणारही नाही.

---

पुण्याचा_पाहुणा · सकाळी १०:४१

म्हणजे माझं अर्धं बरोबर.

---

भिया_इंदोरी · सकाळी १०:४३

अर्धं बरोबर म्हणजे पाठीवर पडलेलं बरोबर.

---

महूचे_काका · सकाळी ११:१०

गुडघा टेकवा आणि मारा, कलंडणार नाही. नियम असा लिहा: उभ्याने बर्स्ट, १ किंवा २ पडला तर शिपाई उताणा. गुडघ्यावर असेल तर फासाच नको.

---

बडोद्याची_सून · दुपारी १:१५

मी खेळणारी नाही, नवरा खेळतो. मी कायद्याची विद्यार्थिनी, म्हणून तोंड खुपसते. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या चौथ्या कलमाप्रमाणे चंद्रावर लष्करी तळ, शस्त्रांच्या चाचण्या आणि लष्करी सराव यांना मनाई आहे. टिळकनगरातल्या प्लायवूडचा उल्लेख नाही, तेव्हा चालू द्या.

पण करार काही हवेतून आला नव्हता. १९५९ मध्ये अमेरिकेच्या भूदलाने प्रोजेक्ट होरायझन नावाचा चंद्रावरच्या ठाण्याचा आराखडा केला होता. त्या ठाण्याच्या रक्षणासाठी क्लेमोर सुरुंग सुचवले होते, सूटला भोकं पाडायला म्हणून. मारायची गरजच नाही, भोक पाडलं की झालं. तुमच्या नियमांत जखमी आणि मेलेला असे दोनच प्रकार आहेत का? मला वाटतं तिसरा हवा: गळका.

---

फासा_पडला · दुपारी २:०२

वहिनी, "गळका" घेतला! पुतण्याने लगेच वहीत लिहिलं.

---

चुलीवरचं_भौतिक · दुपारी २:३०

आणि त्याला घड्याळ लावा. १९६६ मध्ये ह्यूस्टनला निर्वात कक्षात सूटची चाचणी चालू असताना हवेची नळी सुटली आणि आतल्या तंत्रज्ञाची शुद्ध चौदाएक सेकंदांत हरपली. कक्षात परत हवा भरल्यावर तो बरा झाला. तो प्रकार सगळी हवा एकदम जाण्याचा होता. बारीक भोकातून गळायला जास्त वेळ लागेल. तेव्हा गळक्याला एक टर्न द्या. तेवढ्यात सोबती शेजारी पोचून ठिगळ लावू शकला तर वाचला.

यातून आपोआप एक गोष्ट होईल, बघा. लोक जोडीने फिरायला लागतील.

---

पिपल्याहाना_बायपास · दुपारी ३:५०

ग्रेनेडचं कोणी बोललंच नाही. तिथे हवा नाही म्हणजे धक्क्याची लाट नाही. मग स्फोटाचा घेर दाखवणारं गोल टेम्प्लेट काढून टाकायचं का?

---

चुलीवरचं_भौतिक · दुपारी ४:२०

लाट नाही, पण तुकडे आहेत, आणि त्यांना अडवायला हवा नाही. पृथ्वीवर लहान तुकडा थोड्या अंतरात दमतो, तिथे दमतच नाही. टेम्प्लेट काढू नका, बदला: आत खात्रीने लागण्याचं वर्तुळ लहान, बाहेर "कदाचित" लागण्याचं फार मोठं. त्या मोठ्यात फेकणाराही येतो.

फ्यूजचा, म्हणजे ग्रेनेड किती सेकंदांनी फुटणार त्याचा, घोळ मात्र मस्त आहे. समजा सेकंदाला १५ मीटर वेगाने, ४५ अंशांत फेकला. हवा सोडून दिली तर पृथ्वीवर २३ मीटरवर पडतो, चंद्रावर १३९. पण तिथे पडायला तेरा सेकंद लागतात. फ्यूज चार सेकंदांचा. म्हणजे तो ४२ मीटर पुढे, तीस मीटर उंचीवर, भर आकाशात फुटणार. सगळ्यांच्या डोक्यावर. सवयीच्या हाताने फेकणारा शिपाई तिथे फटाकेवाला आहे.

फ्यूज संपताना जमिनीवर हवा असेल तर सपाट फेकायला हवा, बारा-तेरा अंशांत. जाईल ५८ मीटर. सूटमुळे हात एवढा जोरात फिरणारच नाही, म्हणून मी तुम्हाला ४ सेंटीमीटर देते. तुमच्या मूळच्या ३ पेक्षा एकच जास्त. सहापटीचं एवढंच उरलं.

---

फासा_पडला · दुपारी ४:४४

मॅडम, तुम्ही माझे अठरा चार केलेत. दुकानदारही एवढी घासाघीस करत नाही.

बरं, मॉर्टर (उखळी तोफ)? माझ्याकडे दोन आहेत, रंगवून तयार.

---

महूचे_काका · संध्याकाळी ५:३०

याची वाट बघत होतो. मॅडम, दारूचा कमी चार्ज धरा, नळीतून सेकंदाला १०० मीटर. किती वेळ वर राहील?

---

चुलीवरचं_भौतिक · संध्याकाळी ६:०८

४५ अंशांत: सव्वासहा किलोमीटर जवळपास, वेळ ८७ सेकंद. पृथ्वीवर हवा नसती तर हाच गोळा एक किलोमीटरवर, १४ सेकंदांत.

फासाचं टेबल तर १.८ किलोमीटर लांब. एवढ्या जवळ पाडायचा तर नळी जवळजवळ उभी करावी लागेल. ७५ अंशांनीही गोळा तीन किलोमीटरवर जातो आणि १२० सेकंद वर राहतो. वाटेत पावणेतीन किलोमीटरहून उंच जाऊन येतो.

---

महूचे_काका · संध्याकाळी ६:२६

दोन मिनिटं. म्हणजे चार टर्न. आता माझा नियम ऐका.

मॉर्टरवाला पहिल्या टर्नला चिठ्ठी लिहील: कोणत्या जागी, कोणत्या टर्नला. चिठ्ठी दुमडून वाटीखाली. चार टर्नांनी वाटी उचलायची. तोवर लिहिलेलं बदलायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, "सॉरी काका" चालणार नाही. गोळा वर आहे, हाक मारून परत येत नाही.

सँड मॉडेलवर आम्ही अंपायर असायचो, खेळाडूला उत्तर लगेच द्यायचो नाही. प्रशियात क्रीग्सश्पील हा नकाशावरचा युद्धखेळ खेळायचे त्यातही पंच मधे बसलेला असायचा, बातमी उशिराच पोचायची. तुमच्या टेबलावर पंच नको, वाटी पुरे.

---

पिपल्याहाना_बायपास · संध्याकाळी ६:४०

वाटीखाली चिठ्ठी!! काका, दंडवत.

---

पुण्याचा_पाहुणा · संध्याकाळी ७:१२

क्षितिजाचं विसरलात. चंद्र लहान आहे, क्षितिज जवळ. उभ्या माणसाला २.४ किलोमीटर. यावर नियम हवा.

---

चुलीवरचं_भौतिक · संध्याकाळी ७:३५

आकडा बरोबर. पण टेबलच १.८ किलोमीटरचं असल्याने उभ्या माणसाला सगळं दिसतंय. लेटलेल्याला मात्र क्षितिज एक किलोमीटरवर येतं, तरी पलीकडचा उभा माणूस त्याला दिसणारच. मोठ्या मापाने, १ सेंटीमीटरला ५० मीटर धरून खेळाल तेव्हा हा नियम आणा. आज नको.

---

पुण्याचा_पाहुणा · संध्याकाळी ७:४०

नोंद घ्या, यावेळी पूर्ण बरोबर होतो.

---

सियागंज_सामान · रात्री ८:५५

आकडेमोड झाली, आता टेबल कसं करणार ते बोला. हिरवी लॉन टाकून चंद्र म्हणाल तर मी येणार नाही.

घरात दिवाळीचा किल्ला उरला असेल तर तोडू नका. पोतं, विटा, माती तसंच ठेवा, फक्त अळीव उपटा. (आमच्या मालव्याची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, आणि चंद्रावरचे काळे डाग म्हणजे पण बेसाल्टच. एवढं नातं पुरे.) वरून खड्डे असे करायचे: परातीत कोरडं प्लॅस्टर ऑफ पॅरिस चार बोटं पसरा, चमच्याने सपाट करा. मग हातभर उंचीवरून गोट्या सोडा. लहान, मोठी, एक तिरकी. गोटी हळूच चिमट्याने काढा. कडेला जी उठलेली पाळ आणि बाहेर उडालेली रेघ दिसेल ती हाताने कोरून सात जन्मांत येणार नाही. मग केसांच्या फवाऱ्याच्या बाटलीने पाणी, अगदी धुक्यासारखं, लांबून. जोरात मारलं तर खड्डे बुजतात. माझी पहिली परात अशीच गेली.

सुकल्यावर राखाडी पोस्टर कलर आणि चाळलेली राख. राखेवर गाडी ओढली की चाकोरी उठते, तीही ठेवा. अपोलो १७ च्या बग्गीचा मडगार्ड तुटला होता तेव्हा धूळ अंगावर एवढी उडायला लागली की नकाशे चिकटपट्टीने जोडून नवा मडगार्ड करावा लागला. त्यावर नियम करा की नका करू, तुमची मर्जी.

आणि ट्यूबलाइट बंद. एकच मोबाईलचा टॉर्च, टेबलाच्या कडेला, खाली. तोच सूर्य. हवा नाही तर सावल्या धारदार. जो शिपाई सावलीत पूर्ण गेला तो दिसत नाही. फासा नाही, चर्चा नाही, डोळ्यांनी बघायचं.

---

फासा_पडला · रात्री ९:२०

हा टॉर्चचा नियम मी कुठल्याही वहीत लिहिणार नाही, पाठच झाला.

पुतण्या विचारतोय मंगळावर हेच चालेल का?

---

चुलीवरचं_भौतिक · रात्री ९:४५

मंगळावर गुरुत्व आपल्या ३८ टक्के, हवा जवळपास नाहीच म्हणावी अशी, आपल्या एक टक्क्याच्या आत. चंद्राचे नियम थोडे सैल करून चालतील. मॉर्टर दोन टर्न.

टायटनला मात्र हात लावू नका. तिथलं गुरुत्व चंद्राहूनही थोडं कमी, पण हवा आपल्यापेक्षा चारपट दाट. फेकलेली वस्तू लगेच दमते, लाट परत येते आणि माणूस हातांना पंख बांधून उडू शकेल. "कमी गुरुत्वाचे नियम" असा एक कागद करून सगळीकडे चिकटवणाऱ्यांना तिथे पाठवावं.

---

फासा_पडला · पुढचा शनिवार, रात्री ११:५२

खेळलो. साडेतीन तास. सगळं सांगत नाही, दोनच गोष्टी सांगतो.

पहिली, गाडी. माझी बग्गी पूर्ण वेगाने डावीकडच्या मोठ्या खड्ड्याकडे निघाली. पुतण्याचे तीन शिपाई खड्ड्याच्या सावलीत आहेत हे मला माहीत नव्हतं, टॉर्चने ते अक्षरशः गायब होते. त्यांनी मारलं, चुकलं, आणि मला कळलं. आता वळायचं. ताट ठेवलं. स्टीलचं, जेवणाचं. गाडी ताटाच्या कडेकडेने फिरवत नेली आणि सगळे वाकून बघतायत. ताटाची कड संपते तिथे बरोबर खड्ड्याची पाळ. पिपल्याहानाने टेप लावला: दोन मिलिमीटर आत. ब्रेक लावायला सहा सेंटीमीटर हवे होते, होते दीड. गाडी पाळेवरून गेली, आम्ही फासा टाकला, उलटली. चालक गळका. शेजारी कोणी नाही.

पृथ्वीच्या नियमांत हा प्रसंग घडलाच नसता. मी वळलो असतो.

दुसरी, मॉर्टर. पुतण्याने दुसऱ्या टर्नला चिठ्ठी वाटीखाली सरकवली. चौथ्या टर्नला माझा मधला भाग ढासळला आणि पोरगं जोशात येऊन आख्खी तुकडी घेऊन पुढे धावलं. पाचव्या टर्नला ती तुकडी माझ्या जुन्या जागेवर, जोडीजोडीने, शिस्तीत (वहिनींचा गळका-नियम बरोबर काम करत होता). सहाव्या टर्नच्या सुरुवातीला तो वाटीकडे बघत गप्प झाला. मी म्हटलं उचल. उचलत नव्हता. शेवटी भियानेच उचलली.

चिठ्ठीत माझी जुनी जागा. म्हणजे त्याची आताची.

चार शिपाई मेले, दोन गळके, पैकी एकाला ठिगळ लागलं. तो मिनिटभर बोललाच नाही आणि मग म्हणाला, "परत खेळू." रात्रीचे अकरा वाजलेले.

आता भांडण. तो म्हणतो त्याचे दोन शिपाई खड्ड्याच्या आत होते, पाळेच्या मागे. तुकडे सरळ उडतात, खाली वळत नाहीत, म्हणून ते वाचले पाहिजेत. मी म्हणतो गोळा जवळजवळ सरळ वरून आला, पाळेचा काय उपयोग.

---

चुलीवरचं_भौतिक · रविवार, सकाळी ८:१५

पोरगं हुशार आहे. गोळा वरून आला तरी फुटला कुठे त्यावर आहे. खड्ड्याबाहेर जमिनीवर फुटला असेल तर तुकडे सरळ रेषेत जाणार, हवेची लाट नाही जी पाळेवरून वळून खाली शिरेल. पाळेमागचा वाचतो. खड्ड्यात फुटला तर कोणी नाही वाचत.

---

महूचे_काका · सकाळी ८:३०

चिठ्ठीतली खूण कुठे होती?

---

फासा_पडला · सकाळी ९:०५

तेच तर. पाळेवर. अगदी पाळेवर.

---

महूचे_काका · सकाळी ९:१२

फोटो टाका.

---

फासा_पडला · सकाळी ९:२०

फोटो नाही. आईला आज सकाळी परात हवी होती.

---

महूचे_काका · सकाळी ९:२६

मग जिवंत धरा दोघांना, आणि शनिवारी तिथूनच पुढे सुरू करा. मी महूहून येतोय. माझी परात आणतो.

---

भिया_इंदोरी · सकाळी ९:२७

काका, येताना गराडू पण. टेबलावर सहापट माणसं होणार आहेत.